सुतळी बॉम्ब, डोळ्यातलं रक्त आणि सिकल: नागपुरातलं एक प्रकरण

दिवाळीत आमच्या डोळ्यांच्या विभागाचं वेळापत्रक न लिहिताच ठरलेलं असतं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आठ ते बारा या वेळात येतात ते फुलझडीचे चटके बसलेले, अनार का पेटत नाही म्हणून त्यात डोकावलेले आणि आपल्या वाटेने जाताना दुसऱ्याच्या रॉकेटने गाठलेले. पाडव्याच्या सकाळी येतात ते मात्र बहुतेक पोट्टेच. रात्रीच्या कागदी कचऱ्यातून न फुटलेले बॉम्ब वेचायचे, त्यातली बारूद पेपरवर काढून पेटवायची, नाहीतर उरलेल्या चिमूटभर वातीला पुन्हा उदबत्ती लावायची, हा त्यांचा उद्योग. आदल्या रात्री पाण्याची बादली घेऊन उभे असलेले वडीलधारे तेव्हा साखरझोपेत असतात.

हा मुलगाही अशाच एका पाडव्याला, साडेअकराच्या सुमारास आला. वय १३, आठवीत, राहणार उत्तर नागपूर. सोबत आई आणि मामा. उजव्या डोळ्यावर ओला रुमाल, मान खाली. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत.

काय झालं ते मामांनी सांगितलं. दिवाळीच्या रंगकामातून उरलेला रंगाचा रिकामा डबा अंगणात पडला होता. पोरांनी रात्रीचा फुसका सुतळी बॉम्ब लावला आणि वरून डबा पालथा घातला, डबा किती उंच उडतो ते पाहायला. बॉम्ब वाजला नाही. "दोन-तीन मिनिटं वाट पाह्यली म्हन्ते. म्या इचारलं, घड्याळ होतं का रे तुह्याजवळ?" पोरगा डबा उचलायला वाकला आणि त्याच क्षणी बॉम्ब फुटला. डब्याची कड उजव्या भुवईखाली लागली.

हे झालं साडेसहाला. आमच्याकडे पोचेपर्यंत पाच तास गेले होते. मधल्या वेळात डोळ्यावर नळाचं पाणी मारलं गेलं, गुलाबजल पडलं, आजी गाईचं तूप घेऊन आल्या ते मामांनी अडवलं. मग कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून थेंब आणले. बाटली आईच्या पिशवीतच होती: अँटिबायोटिक आणि स्टेरॉइडचं मिश्रण. सोबत दुखण्याची एक गोळी, तिच्यात इबुप्रोफेन. ती सकाळी साडेआठला दिली होती. हे मी केसपेपरवर लाल पेनाने लिहिलं. इबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन ही औषधं रक्ताची गुठळी घट्ट होऊ देत नाहीत, आणि डोळ्याच्या आत रक्तस्राव झाला असेल तर अशी गोळी तिथे फार महागात पडू शकते. दुखत असेल तर साधं पॅरासिटामॉल द्यावं.

पाणी मारण्याबद्दल मात्र मी त्यांना रागावलो नाही. फटाक्याच्या जखमेत धुवावं की धुवू नये हा प्रश्न घरच्या माणसाला सोडवता येण्यासारखा नाही. बारूदीत पोटॅशियम नायट्रेट, गंधक, कोळसा, अ‍ॅल्युमिनियमची भुकटी असं बरंच काही असतं. मॅग्नेशियम असलेल्या फुलझडीची राख अश्रूत मिसळली की अल्कली तयार होते, आणि अल्कली कॉर्निया, म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच, जाळत आत शिरते. तिथे धुणं हाच उपचार. पण डोळ्याचा गोळाच फाटला असेल तर पाण्याचा मारा, चोळणं, दाबणं यांतलं काहीही झालं तरी आतलं बाहेर येतं. म्हणून मी विचारणाऱ्याला इतकंच सांगतो: नुसती राख किंवा भुकटी उडाली असेल आणि डोळा आपोआप उघडत असेल तर हलक्या धारेने धुवा. जोराचा मार लागला असेल, दिसेनासं झालं असेल, रक्त येत असेल तर कागदी कपाचा तळ कापून तो भुवई आणि गालाच्या हाडावर टेकवा, चिकटपट्टीने बसवा आणि निघा. कप डोळ्याला लागता कामा नये. कापसाचा बोळा आणि घट्ट पट्टी तर नकोच.

पहिली दहा मिनिटं

अशा डोळ्यात आधी काय पाहायचं याचा क्रम ठरलेला असतो, आणि तो चुकला की त्रास होतो. सगळ्यात आधी दृष्टी, कारण नंतर सूज वाढते आणि आल्या वेळी किती दिसत होतं हे कायमचं हातून जातं. डावा डोळा ६/६, म्हणजे पूर्ण. उजव्याला समोर हात हलला तेवढा कळत होता, बोटं मोजता येत नव्हती.

मग पीएच, म्हणजे आम्ल-अल्कली मोजणारी पट्टी, दोन्ही डोळ्यांना. डाव्यात ७, उजव्यात ७.५. म्हणजे अल्कलीचा मोठा धोका नव्हता. हाच आकडा आठच्या वर असता तर बाकी सगळं बाजूला ठेवून रिंगर लॅक्टेटने किमान अर्धा तास डोळा धुतला असता, थांबून पाच-दहा मिनिटांनी पट्टी पुन्हा लावली असती आणि आकडा सातावर स्थिरावेपर्यंत हेच चालू ठेवलं असतं.

त्यानंतरचा प्रश्न सगळ्यात मोठा: गोळा शाबूत आहे की फाटलाय? पापण्या सुजलेल्या, कडेचे केस होरपळलेले, कातडीत बारूदीचे काळे ठिपके. अशा वेळी बोटाने पापणी उघडताना दाब हाडावर द्यायचा, डोळ्यावर नाही. मूल रडून डोळा आवळत असेल तर जबरदस्ती न करता भूल देऊन तपासणं परवडतं. हा मुलगा समजूतदार निघाला. बधिर करणारा एक थेंब टाकल्यावर त्याने स्वतःच डोळा किलकिला केला.

बाहुली गोल होती, एका बाजूला ओढलेली नव्हती. पुढची, म्हणजे कॉर्नियामागची पोकळी नीट खोल होती. पांढऱ्या भागावर बाहेरच्या बाजूला रक्त साकळलं होतं, पण डोळ्याला चहूकडून फुगवटा आलेला नव्हता. फ्लुरोसीनची पट्टी भिजवून कॉर्नियावर लावली आणि निळ्या उजेडात पाहिलं. गळती असेल तर तिथून हिरवी धार वाहताना दिसते, तशी कुठे दिसली नाही. कॉर्नियाच्या वरच्या थराला सुमारे ४ मिलिमीटरचं खरचटलेलं होतं आणि त्यात मिरपूड भुरभुरल्यासारखे बारूदीचे कण रुतले होते. गोळा बंद होता.

आणि पुढच्या पोकळीत, आयरिसच्या (बाहुलीभोवतीच्या रंगीत भागाच्या) समोर, रक्त होतं. यालाच हायफीमा म्हणतात. मुलगा गाडीत आडवा होऊन आला होता, त्यामुळे सुरुवातीला सगळंच लालसर धुकं दिसलं. त्याला वीस मिनिटं ताठ बसवून ठेवल्यावर रक्त खाली बसलं आणि पातळी दिसली: तळापासून साडेचार मिलिमीटर. पोकळीच्या एक तृतीयांशापेक्षा थोडं जास्त, म्हणजे दुसरी श्रेणी. शिकाऊ डॉक्टर बरेचदा आडव्या रुग्णावरच श्रेणी लिहून मोकळे होतात. तो आकडा काही कामाचा नसतो.

डोळ्याची नस शाबूत आहे का, हे उजव्या बाहुलीकडे पाहून कळलं नसतं. मार बसल्यामुळे ती ६ मिलिमीटरवर रुंदावून सुस्त झाली होती. अशा वेळी उजेड दुखऱ्या डोळ्यात टाकायचा आणि नजर चांगल्या डोळ्याच्या बाहुलीवर ठेवायची. ती डावी बाहुली तितक्याच जोमाने आकसत होती. नस ठीक होती.

डोळ्यातला दाब २९. नेहमी १० ते २१ मिलिमीटर पारा असतो.

गोळा फाटलेला नाही याची खात्री झाल्यावरच बंद पापणीवर भरपूर जेल लावून, दाब न देता सोनोग्राफी केली. मागचा पडदा, म्हणजे रेटिना, जागेवर होता. डबा पत्र्याचा, म्हणून आत धातूचा कण नाही ना हे पाहायला डोळ्याच्या खोबणीचं सीटी स्कॅन केलं. धातूची शंका असताना एमआरआय कधीच करू नये. त्या चुंबकात कण हलला तर उरलेला डोळाही जातो. स्कॅनमध्ये कण नव्हता, हाडही मोडलेलं नव्हतं.

घरच्यांचा पहिला प्रश्न नेहमीचाच: दिसेल का? त्यासाठी आम्ही एका गुणपद्धतीचा आधार घेतो. फेरेंक कून आणि सहकाऱ्यांनी २००२ साली अमेरिका आणि हंगेरीतल्या अडीच हजारांहून जास्त जखमी डोळ्यांच्या नोंदींवरून ती बसवली. हात हलणं कळत असेल तर ७० गुण. त्यातून गोळा फुटणं, पडदा सुटणं, जंतुसंसर्ग, नसेची इजा असं काही असेल तर गुण वजा होत जातात. इथे काहीच वजा झालं नाही. ७० म्हणजे तिसरा गट, आणि त्या गटातल्या ४४ टक्के डोळ्यांना शेवटी ६/१२ किंवा त्याहून चांगलं दिसतं. "म्हणजे अर्ध्याला थोडं कमी," मी मामांना म्हणालो. आईने मान हलवली, पण तिला आकडा नको होता हे दिसत होतं.

"पण थो तं ग्रीन बॉम्ब होता जी," मामा म्हणाले.

हे वाक्य मी दर दिवाळीला ऐकतो. हरित फटाक्यांचं सूत्र आपल्याच शहरातल्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, २०१८ मध्ये तयार केलं आणि फटाक्यांना परवानगी देणाऱ्या केंद्रीय संघटनेचं, म्हणजे पेसोचं, मुख्यालयही नागपुरातच, सेमिनरी हिल्सला आहे. त्यामुळे नागपूरकराला या विषयातलं आपल्याला जरा जास्त कळतं असं वाटत असावं. पण हिरवेपणा धुराचा आहे, धडाक्याचा नाही. हवेत जाणारी धूळ कमी व्हावी एवढाच त्याचा उद्देश. डब्याची कड ज्या वेगाने यायची त्याच वेगाने येते. शिवाय रस्त्यावरून वेचलेल्या बॉम्बचं खोकं कोणी पाहिलं होतं?

सिस्टरांचा प्रश्न

इथवर सगळं पुस्तकातल्यासारखं चाललं होतं. मुलाला दाखल केलं. मायक्रोस्कोपखाली कॉर्नियावरचे वरवरचे कण ओल्या काडीने आणि सुईच्या टोकाने काढले, खोल रुतलेले राहू दिले. ते बहुतेक वेळा त्रास देत नाहीत, आणि आत रक्त असलेला डोळा फार हाताळू नये. धनुर्वाताचं इंजेक्शन, अँटिबायोटिक थेंब, बाहुलीला विश्रांती म्हणून अ‍ॅट्रोपिन, दम्याचा त्रास नाही ना हे विचारून दाबासाठी टिमोलॉलचे थेंब. स्टेरॉइडचे थेंब कॉर्निया भरून येईपर्यंत लांबणीवर टाकले. डोळ्यावर पट्टी नाही, प्लॅस्टिकची जाळीदार ढाल. पलंगाचं डोकं ३० ते ४५ अंश वर, म्हणजे रक्त तळाशी राहतं, बाहुलीच्या आड येत नाही आणि डोळ्यातलं पाणी बाहेर नेणारी गाळणीही पूर्ण बुजत नाही.

आणि दाब उतरवायला अ‍ॅसिटाझोलामाइड, २५० मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा. निवासी डॉक्टरने ते लिहून कागद माझ्यापुढे धरला होता. मी पेन उघडलं होतं. सही करणारच होतो.

आमच्या वॉर्डच्या सिस्टर मूळच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या. वीस वर्षांची नोकरी. त्यांनी ट्रेमध्ये गोळी काढता काढता विचारलं, "सर, सिकल पाह्यलं का याचं?"

सिकल म्हणजे सिकलसेल, लाल रक्तपेशींचा आनुवंशिक दोष. पाहिलं नव्हतं. विचारलंही नव्हतं. वीस मिनिटं घालवून मी उदबत्तीपासून गुलाबजलापर्यंत सगळं विचारलं होतं, एवढं सोडून.

वाचकाला हे समजावं म्हणून डोळ्याच्या आतली नळजोडणी थोडक्यात सांगतो. डोळ्यात एक स्वच्छ पाणी सतत तयार होतं आणि आयरिसच्या कडेला असलेल्या बारीक गाळणीतून निघून जातं. पुढच्या पोकळीत रक्त सांडलं की लाल पेशीही याच गाळणीतून बाहेर पडतात. नेहमीची लाल पेशी मऊ असते, अंग चोरून छिद्रातून निसटते. सिकलचं हिमोग्लोबिन असलेली पेशी ऑक्सिजन कमी पडला की कोयत्यासारखी वाकून कडक होते. आणि पुढच्या पोकळीतल्या त्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी असतो. पेशी कडक होतात, गाळणीत अडकतात, पाणी तुंबतं, दाब चढतो.

अ‍ॅसिटाझोलामाइड पाणी तयार होणं कमी करतं, म्हणून ते दाबावरचं हक्काचं औषध. पण ते शरीरात आम्लता वाढवतं आणि लघवीवाटे पाणीही काढतं. या दोन्ही गोष्टींनी पेशी आणखी वाकतात. म्हणजे ज्या कारणाने दाब चढलाय त्याच कारणाला आपण खतपाणी घालतो. मॅनिटॉलचंही तेच, ते रक्त घट्ट करतं. त्यात सिकलच्या रुग्णाची डोळ्याची नस आणि पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या थोड्या वाढलेल्या दाबातही दगा देतात. दुसऱ्या मुलाने आठवडाभर सोसला असता तो दाब याला एका दिवसात आंधळा करू शकतो.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट अशी, की यासाठी सिकलसेलचा आजार असावाच लागत नाही. नुसता वाहक असला, म्हणजे आई किंवा वडील एकाकडूनच तो जनुक आलेला असला, तरी पुरे. वाहक आयुष्यभर ठणठणीत असतो, क्रिकेट खेळतो, रक्तही बरं असतं. त्याचं सिकल कुठे दिसत नाही, पण रक्त या एका छोट्या पोकळीत सांडलं की दिसतं.

सिकलचं विदर्भाशी नातं नवं नाही. १९५८ साली शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकल वाहकांविषयीचा लेख लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापला, तेव्हापासून ते वैद्यकीय पुस्तकांत आहे. मलेरियाच्या प्रदेशात वाहकाला थोडं संरक्षण मिळायचं, म्हणून हा जनुक इथे टिकला. हा अमुकच समाजाचा आजार, असं आपल्याकडे अजून बोललं जातं आणि डॉक्टरही आडनाव पाहून टेस्ट लिहितात. मला ही सवय चुकीची वाटते, माणुसकीच्या दृष्टीने तर आहेच, हिशेबानेही आहे. टेस्ट काही रुपयांची आणि डोळा एकच.

सोल्युबिलिटी टेस्टला वेळ लागत नाही. रक्ताचा थेंब द्रावणात टाकायचा, नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर सिकल नाही. या मुलाच्या नळीमागच्या रेघा दिसेनाशा झाल्या. वाहक की रुग्ण हे या टेस्टने कळत नाही, त्यासाठी एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी लागते. तिचा अहवाल दोन दिवसांनी आला: वाहक. पण अहवालाची वाट पाहायची गरज नव्हती. गोळी त्याच क्षणी खोडली.

मी बाहेर येऊन आईला विचारलं, याची सिकलची तपासणी कधी झाली होती का?

"झाली होती ना जी. पाचवीत असताना शाळेत झाली होती. कार्ड घरी डब्यात हाय. पण थे म्हने काही नाही, वाहक हाय, बिमारी नाही. म्हून आमी काही सांगतलं नाही."

त्यांना सांगितलं होतं ते शब्दशः खरं होतं.

तिसरा दिवस

टिमोलॉल आणि विश्रांतीवर पहिल्या दिवशी दाब २२ झाला, दुसऱ्या दिवशी २०. रक्ताची पातळी अडीच मिलिमीटरवर आली. कॉर्निया दुसऱ्या दिवशी भरला, मग प्रेडनिसोलोनचे, म्हणजे स्टेरॉइडचे थेंब सुरू केले. मुलगा मीटरभरावरून बोटं मोजू लागला. मामांनी सुट्टीचं विचारायला सुरुवात केली.

इथे घाई करायची नसते. फुटलेल्या वाहिनीच्या तोंडावर बसलेली गुठळी दुसऱ्या ते पाचव्या दिवसात आकसते आणि विरघळू लागते, आणि तेवढ्यातच पुन्हा रक्त सुटतं. दुसरा रक्तस्राव पहिल्यापेक्षा बहुधा मोठा असतो. गुठळी विरघळू न देणारं ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिड अशा वेळी काहीजण देतात. मी दिलं नाही. सिकलमध्ये आधीच अडकलेली गाळणी, त्यात गुठळीही तशीच बसून राहिली तर काय, ही भीती होती. या निर्णयाबद्दल माझे दोन सहकारी आजही माझ्याशी सहमत नाहीत.

तिसऱ्या दिवशी पहाटे मुलाला उलटी झाली. डोळा दुखतोय म्हणाला. स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळे तपासायच्या मायक्रोस्कोपवर पाहिलं तर पोकळी दोन तृतीयांश भरलेली, आणि जुन्या काळपट थरावर ताजा लाल थर. दाब ३८.

टिमोलॉलला ब्रिमोनिडिनची जोड दिली. त्याने रक्तवाहिन्या आकसतात म्हणून सिकलमध्ये त्याबद्दलही कुरकुर आहे, पण हातात फारसं काही उरलं नव्हतं. मुलाला झोप येतेय का याकडे लक्ष ठेवायला सांगितलं. सलाइन चालू केलं, शरीरात पाणी कमी पडू नये म्हणून. संध्याकाळी दाब ३१. रात्री दहाला ३०. चौथ्या दिवशी पहाटे २८.

आकडा उतरत होता. नेमकी हीच वेळ फसण्याची. सिकल नसलेल्या डोळ्यात पोकळीतलं रक्त धुण्याची शस्त्रक्रिया कधी करायची याचे ठोकताळे बरेच सैल आहेत: दाब ५० च्या वर पाच दिवस, किंवा ३५ च्या वर सात दिवस, किंवा कॉर्नियावर रक्ताचा डाग चढू लागला तर. त्या हिशेबाने २८ म्हणजे निवांत. निवासी डॉक्टर म्हणालाही, "सर, ट्रेंड चांगला आहे." पण सिकलमध्ये मर्यादा आहे २४, आणि तीही २४ तास. आमचे चोवीस तास होत आले होते.

आईला हे समजावणं सोपं गेलं नाही. डोळा फोडणार का, असं तिने विचारलं. मी वहीच्या पानावर घराचं छप्पर आणि तुंबलेली पन्हाळ काढून दाखवली. पन्हाळीतला कचरा काढायचाय, छपराला हात लावायचा नाही. मग तिने जे विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं. "थे सिकल माह्याकडून आलं का जी? म्हंजे माह्यामुळं झालं का हे?"

मी म्हणालो, डबा तुमच्यामुळे उडाला नाही. त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही. नंतर, शस्त्रक्रिया झाल्यावर, नीट बसून सांगितलं की जनुक आई किंवा वडील कोणाहीकडून येऊ शकतो, आणि नुसत्या वाहक असण्यात कोणाचा दोष नाही. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता मुलाला खरा आजार होण्याची, म्हणून लग्नाआधी पाहावं. एवढ्यापुरतंच ते कार्ड असतं असं तिला वाटत होतं. ते अपघाताच्या वेळीही दाखवायचं असतं, हे कोणी सांगितलं नव्हतं.

शस्त्रक्रिया त्याच दुपारी, पूर्ण भूल देऊन. भूलतज्ज्ञांना सिकल आधीच कळवलेलं असावं लागतं: ऑक्सिजन कमी पडू द्यायचा नाही, अंग गार पडू द्यायचं नाही, उपाशीपणात सलाइन बंद ठेवायचं नाही. डोळ्याचं काम त्या मानाने छोटं. कॉर्नियाच्या कडेला दोन बारीक छेद, एकातून क्षारपाणी आत, दुसऱ्यातून रक्तमिश्रित पाणी बाहेर. आयरिसला चिकटलेल्या गुठळीचा तुकडा तसाच सोडला. तो ओढायला गेलो तर पुन्हा रक्त सुटतं, हे मी तरुणपणी एका डोळ्यावर शिकलो आहे. पोकळी पूर्ण स्वच्छ करण्याचा मोह आवरणं हाच या शस्त्रक्रियेतला अवघड भाग. गाळणीला श्वास घ्यायला जागा झाली की पुरे.

दुसऱ्या दिवशी दाब १७. त्यानंतर तो २० च्या वर गेला नाही.

नंतरचं

सातव्या दिवशी घरी सोडलं तेव्हा उजव्या डोळ्याची दृष्टी ६/३६ होती. रक्त ओसरल्यावर पहिल्यांदा आतला पडदा नीट दिसला. मधोमध पांढुरका, दुधाळ भाग: माराचे हादरे पडद्यापर्यंत पोचले होते. याला कमोशिओ रेटिनी म्हणतात. त्यावर औषध नाही. बरेचदा काही आठवड्यांत आपोआप निवळतो, कधी मध्यभागी छिद्र मागे ठेवतो. इथे निवळला. ओसीटीच्या, म्हणजे पडद्याचे थर दाखवणाऱ्या तपासणीच्या चित्रात थर जागेवर होते.

सहा आठवड्यांनी, आता डोळ्यावर दाब द्यायला हरकत नाही असं झाल्यावर, दोन तपासण्या केल्या. पडद्याची अगदी कडेपर्यंत पाहणी केली, कारण अशा मारात पडदा कडेला फाटतो आणि तो महिनोन्महिने गुपचूप राहून मग सुटतो. फाटलेला नव्हता. आणि कोनाची तपासणी, म्हणजे त्या गाळणीची आरशाच्या भिंगातून पाहणी. तिथे मात्र निम्म्या घेरात स्नायू फाटून कोन मागे सरकलेला दिसला. आज दाब १५ असला तरी अशा डोळ्यात दहा-वीस वर्षांनीही काचबिंदू होऊ शकतो. दुखत नाही, लाल होत नाही. म्हणून वर्षातून एकदा दाब मोजायचा, आयुष्यभर. हे वाक्य मी आई, मामा आणि मुलगा तिघांकडून एकेकदा वदवून घेतलं, कारण चष्मा मिळाला की माणसं येणं बंद करतात.

घरातल्या बाकीच्यांची तपासणी झाली. आई वाहक, वडील वाहक नाहीत, धाकटी बहीण वाहक. बहिणीच्या कार्डावर आईने मागच्या बाजूला स्वतःच्या अक्षरात लिहून घेतलंय: डोळ्याला मार लागला तर डॉक्टरले दाखवा.

आमच्या वॉर्डात जखमी डोळ्याच्या केसपेपरवर दृष्टीच्या रकान्याखाली आता रबरी शिक्का मारतात: सिकल, हो, नाही, माहीत नाही. तिसऱ्यावर खूण असेल तर नळी लगेच प्रयोगशाळेत जाते. शिक्का सिस्टरांनीच सीताबर्डीहून करून आणला. त्याचे पैसे कोणी द्यायचे यावर कार्यालयाशी चार महिने पत्रव्यवहार चालला.

मुलगा आता दहावीत आहे. चष्म्याने ६/९. डोळ्यात बारूदीचे तीन ठिपके अजून दिसतात, त्याला त्याचा काही त्रास नाही. बाहुली मात्र पूर्वीसारखी झाली नाही, साडेपाच मिलिमीटरवरच अडकलीय, आणि नागपूरच्या उन्हात त्या डोळ्याला फार त्रास होतो. शाळेत काळा चष्मा लावू देत नव्हते, स्टाइल मारतो म्हणून. मागच्या भेटीत दाब १६ होता. प्रमाणपत्र लिहून दिलं, खाली शिक्का मारला.